पुलाच्या चढावरची हजेरी

मी दारात चपला काढत असतानाच काका आतून वेळ सांगायचे. "आठ बावन्न." त्यात 'आलीस का' नाही, 'बस' नाही, काही नाही. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, पेइंग गेस्ट मुलगी उशिरा घरी येते म्हणून हा टोमणा आहे, आणि मी मनातल्या मनात दुसरी जागा शोधायला लागले. काकूंनी समजूत घातली. चतुर्थीला गणपती पाटावर बसला की हे त्याचीही वेळ सांगतात, म्हणाल्या, तू कुठे मनाला लावून घेतेस.

काका परळच्या एका गिरणीत टाइमकीपर होते. दारावर बसायचं आणि कोण किती वाजता आत गेलं, किती वाजता बाहेर पडलं, ते लिहायचं, एवढंच काम. गिरणी बंद पडली, तिच्या जागी काचेची इमारत उभी राहिली, तरी काका आपले दारावरच बसलेले. दूधवाला, इस्त्रीवाला, गॅलरीत येणारं कबूतर, सगळ्यांच्या वेळा त्यांना पाठ. कबूतर फार अनियमित आहे, असं त्यांचं मत होतं.

मी सांगलीहून नोकरीसाठी आले होते. दादरच्या एका छापखान्यात पुस्तकांची, पत्रिकांची, अहवालांची पानं कॉम्प्युटरवर लावायचं माझं काम. काकांच्या घरातली आतली लहान खोली माझी होती. त्या घरात मी चार वर्षं काढली आणि तितका जीव मी पुढे कुठल्याच घराला लावला नाही. काका जाऊनही आता बराच काळ झाला. पण कुणाकडे गेले की अजून मी दारात क्षणभर थांबते, आतून कुणी वेळ सांगेल म्हणून.

आमच्या घरामागे सार्वजनिक बाग आहे. दर डिसेंबरात एका रविवारी तिथे जुन्या गाड्यांची रॅली भरते. तेव्हा गाड्या सकाळी बागेतून निघायच्या, लालबागचा पूल चढून गिरगावात ठाकूरद्वारापर्यंत जायच्या, त्याच वाटेने परतायच्या आणि दुपारपर्यंत हिरवळीवर उभ्या राहायच्या. लोक पोराबाळांना घेऊन बघायला येतात. पहिल्या वर्षी मी गॅलरीतून पाहिलं तेव्हा नीट उजाडलंही नव्हतं. हवेत धुरकट गारवा होता, झाडांखाली एकेक दिवा लागला होता, आणि त्या उजेडात एक साईच्या रंगाची गाडी मुळीच आवाज न करता फाटकातून आत आली. इंजिन बंद होतं. दोन्ही बाजूंनी चारपाच माणसं तिला हात लावून चालत होती, देवीची पालखी असावी तशी. मी अर्धवट झोपेत होते आणि आपण हे खरंच बघतोय का, याची मला खात्री नव्हती. शेजारी काका उभे होते. "सहा एकोणीस," ते म्हणाले. तेव्हा खात्री पटली.

या रॅलीचा इतिहास काकांना जेवढा माहीत होता तेवढा कुणालाच नव्हता, आणि तो त्यांच्या पद्धतीने माहीत होता. रॅली भरवणाऱ्या समितीच्या लोकांना विचारलं तर ते गाडीचं वर्ष सांगत, देश सांगत, कुठल्या संस्थानिकाने ती मागवली ते सांगत. काका सांगत, पुलावर तिला कुणी ढकललं.

पहिल्या वर्षीची गोष्ट त्यांच्याकडून मी निदान वीसदा ऐकली असेल. रविवार होता. काका बाजारातून बांगडे घेऊन घरी निघाले होते. पुलाच्या चढावर रॅलीतली एक लांबलचक गाडी धापा टाकून बंद पडली. आत सुटातला माणूस, मागे त्याचं कुटुंब, आणि आजूबाजूच्या चाळींच्या गॅलऱ्या माणसांनी भरलेल्या. मग कुणी लुंगीत, कुणी बनियनवर, असे सातआठ गिरणी कामगार खाली उतरले आणि हसत-खिदळत त्यांनी ती गाडी पुलाच्या माथ्यावर नेली. सुटातल्या माणसाने हात हलवला, पलीकडच्या उतारावर गाडी सुरू झाली आणि निघून गेली. सगळे घरी जायला वळले, तेवढ्यात काकांनी त्यांना थांबवलं. काम झालं आणि नाव लागलं नाही, असं त्यांनी जन्मात होऊ दिलं नव्हतं. कागद नव्हता म्हणून बांगड्यांच्या पुडीवरचा वरचा कागद सोडवला आणि त्यावर सगळ्यांची नावं लिहिली. घरी आल्यावर हातही न धुता ती एका वहीत उतरवली. त्या वहीच्या पहिल्या पानाला अजून वास येतो, असं काकू नाकाला पदर लावून सांगायच्या.

पुढच्या वर्षी रॅली निघाली तेव्हा ती माणसं पुलाच्या पायथ्याशी आधीच उभी होती. शिवाय आणखी दहाजण. जुन्या गाड्या त्या, चढावर एखादी तरी बंद पडायचीच. अशी प्रथा पडली. समितीच्या कागदांत तिचा कुठे उल्लेख नव्हता, पण चाळीत डिसेंबरचा तो रविवार कोणी चुकवत नसे. ढकलणाऱ्यांनी गाड्यांना आपापली नावं ठेवली होती. एक होती म्हातारी, एक पोलीस, एक कोबी. साईच्या रंगाच्या गाडीचं नाव नवरी.

नवरी ही गिरगावातल्या एका कॅथलिक डॉक्टरांची गाडी. त्यांच्या बायकोने स्वतः विणलेले लेसचे पडदे तिच्या मागच्या काचांना लावलेले असत. ही गाडी दर वर्षी नेमकी चढाच्या तोंडाशी बंद पडे. काका सांगत, की डॉक्टर इंजिन मुद्दाम बंद करायचे. इंजिन आपणहून मेलं की कुणी मारलं, हे बारा वर्षं यंत्रांच्या आवाजात बसलेल्या माणसाला न कळायला काय झालं? ढकलणाऱ्यांनाही ते ठाऊक होतं. माणसं पहाटेपासून उभी आहेत, त्यांना रिकाम्या हाताने परत कशाला पाठवायचं, असा डॉक्टरांचा विचार. आणि एवढा मोठा डॉक्टर आपल्यासाठी खोटं वागतोय तर आपण त्याला उघडं कशाला पाडायचं, असा यांचा. दोन्हीकडून हे इतकी वर्षं सांभाळलं गेलं. मला हे ऐकताना दर वेळी गलबलून यायचं आणि काकांना माझं गलबलणं मुळीच आवडायचं नाही.

काकांची लिहायची रीत ठरलेली होती. रविवारी पुलावर उभ्या उभ्या पेन्सिलीने नावं टिपायची. सोमवारी संध्याकाळी ज्याच्या त्याच्या घरी जायचं, वडलांच्या नावासकट पूर्ण नाव विचारून घ्यायचं, चहा घ्यायचा आणि मग शाईने लिहायचं. ते स्वतः कधी कुठल्या गाडीत बसले नाहीत. डॉक्टरांनी एकदा दार उघडून आग्रह केला होता. काका म्हणाले, मी आत बसलो तर बाहेर कोण कोण आहे ते मला कसं दिसणार? डॉक्टरांनी पुन्हा विचारलं नाही, पण त्या नाताळापासून त्यांच्या घरून काकांकडे करंज्यांचा डबा यायला लागला.

मी आले तोवर हे सगळं संपत आलं होतं. गिरण्या गेल्या, तशी चाळीतली माणसं कुणी बदलापूरला गेली, कुणी गावी, कुणी वर. डॉक्टर गेले, नवरी नातवाकडे आली. मी गॅलरीतून पाहिलं ते वर्ष शेवटचं. त्यानंतर गाड्या ट्रकवर चढून बागेपर्यंत यायला लागल्या आणि फेरी बागेभोवतीच होऊ लागली. ट्रकवर दोऱ्यांनी बांधलेली नवरी पाहून काका घरात आले आणि दिवसभर कुणाचीच वेळ बोलले नाहीत. वहीतलं शेवटचं पान अर्धं कोरंच राहिलं.

पुढच्याच वर्षी समितीने रॅलीची स्मरणिका काढायचं ठरवलं. अध्यक्ष घरी आले. भले गृहस्थ होते, कोबी ही गाडी त्यांची. पहिल्या वर्षापासून सगळं पाहिलेले तुम्ही एकटेच उरलात, इतिहास तुम्हीच लिहा, म्हणाले. काकांनी लगेच वही पुढे केली. अध्यक्षांनी पानं चाळली, मग चष्मा पुसला, मग पुन्हा चाळली. यात गाड्यांच्या मालकांची नावंच नाहीत, असं त्यांनी शक्य तितक्या हळू आवाजात सांगितलं.

"ते आत बसले होते," काका म्हणाले. "नुसतं बसल्याचा इतिहास कसा लिहिणार?"

अध्यक्ष हसले, चहा प्यायले आणि बघतो म्हणून गेले. बघतो म्हणजे नाही, हे मला कळलं आणि काकांनाही कळलं. त्या रात्री जेवताना काका कधी नव्हे ते आपणहून बोलले. ही वही माझ्यामागे रद्दीत जाणार, म्हणाले. काकूंच्या मागे तर नक्कीच, आणि आमच्या सासरी असलेल्या पोरीला मराठी शाई वाचायचा कंटाळा. छापलेलं मात्र कुणा ना कुणाच्या घरात राहतं. त्यातली निम्मी माणसं गेली, पण ज्यांची घरं मला सापडतील त्यांच्या घरी एकेक प्रत गेली पाहिजे. एवढं झालं की माझी पाळी सुटली.

स्मरणिकेची पानं लावायचं काम आमच्याच छापखान्याकडे आलं होतं, म्हणजे माझ्याकडे. मी अध्यक्षांना जाऊन भेटले, विनवण्या केल्या, थोडी रडलेही, आणि शेवटची चार पानं काकांच्या यादीसाठी मिळवली. घरी येऊन सांगितलं तेव्हा काका म्हणाले, "सात चाळीस." पण त्यांनी काकूंना शिरा करायला लावला.

मग मी चूक केली. आजही सांगताना मला ओशाळं वाटतं. काकांच्या यादीत दोन रकाने होते. पहिल्यावर शीर्षक होतं: गाडी. दुसऱ्यात नावं, आणि वर काहीच नाही. स्मरणिकेच्या सुरुवातीच्या पानांवर समितीने दिलेली गाड्यांची यादी होती, तीही दोन रकान्यांची. दुपारी छपाईचा माणूस डोक्यावर उभा होता. मी तोच तक्ता उचलून मागे ठेवला आणि त्यात काकांची नावं भरली. नावं तीनदा तपासली, एक वेलांटी चुकू दिली नाही. तक्त्याबरोबर त्याचं शीर्षकही मागे आलंय, हे मात्र माझ्या लक्षात आलं नाही. गाडी, आणि समोर: मालक. चार पानं भरून, लालबाग-परळची सगळी चाळ गाड्यांची मालक झाली होती.

शनिवारी प्रती आल्या. काकांनी पत्ते घालून ठेवलेली तेरा पाकिटं होती. त्यांना आनंद व्हावा म्हणून मी त्यांना न सांगताच ती सगळी त्याच दिवशी पोचती केली.

रविवारी बागेत काकांनी स्मरणिका उघडली ती मागून. बराच वेळ बघत राहिले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. समितीच्या टेबलाशी गेले, खुर्ची ओढली, खिशातून पेन काढलं आणि समोरच्या गठ्ठ्यातली एकेक प्रत घेऊन तो शब्द खोडायला लागले. हिरवळीवर गाड्या उभ्या होत्या, उन्हात त्यांचे पत्रे चमकत होते, मुलं भोंगे वाजवून बघत होती. अध्यक्षांनी समजावलं की शेवटची पानं कोण वाचतंय, जाऊ द्या. काका खोडत राहिले. मी शेजारी बसून दुसऱ्या पेनाने खोडायला लागले. शब्द नुसता खोडू नका, त्या जागी 'ढकलणारे' लिहू या का, असं मी विचारलं.

"सगळ्यांच्या बाबतीत ते खरं नाही," काका म्हणाले, आणि रकाना कोराच ठेवला.

संध्याकाळी मी कोपऱ्यावरून दूध घेऊन परत आले. चपला काढल्या. आतून आवाज आला नाही. मी तशीच दारात उभी राहिले, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन काकूंच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले.

सोमवारी काका कपडे करून निघाले. तेरा घरं होती. मी रजा टाकून मागोमाग गेले, त्यांनी नको म्हटलं नाही. दोन दिवसांत बारा घरं झाली. एका घरी मुलाने हसत हसत प्रत पुढे केली, बाबा मालक असते तर मी असा राहिलो असतो का, म्हणाला. एका घरी पाकीट फोडलेलंच नव्हतं. एका ठिकाणी नातीला ती चूक इतकी आवडली होती की तिने खोडू दिलं नाही. काका तिच्याशी अर्धा तास बोलले आणि खोडूनच उठले.

तेरावं घर गंगारामचं. नवरीला सगळ्यांत जास्त वर्षं ढकलणारा माणूस, यादीत त्याचंच नाव सगळ्यांत जास्त वेळा. चाळीच्या जागी झालेल्या इमारतीत चौदाव्या मजल्यावर त्याची बायको सुनेबरोबर राहत होती. सून कामावर गेली होती. वहिनींनी दार उघडलं, काकांना ओळखलं, आणि पाणी द्यायच्या आधीच तोंड सुरू केलं. त्यांना स्वतःला वाचता येत नव्हतं. सुनेने पान वाचून दाखवलं होतं. मग मजल्यावरचे सगळे येऊन पुस्तक बघून गेले होते, आणि समोरच्या खोलीतल्याने तर जुने कागद शोधा, गाडीवर हक्क निघेल, असा सल्लाही दिला होता. पण वहिनींच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. पुस्तक आल्यापासून त्या नीट जेवल्या नव्हत्या.

"गाडी होती," त्या म्हणाल्या, "आणि ह्येंनी माका कधी सांगूक नाय. येकदा बसवूक पण नाय."

मला जमीन फाटून पोटात घेईल तर बरं, असं झालं. काका हळूच खाली सतरंजीवर बसले. गाडी गंगारामची नव्हती, ती डॉक्टरांची, छापताना चूक झाली, असं त्यांनी सांगितलं. कुणी केली ते सांगितलं नाही. चूक माझी, असं मीच म्हणाले. वहिनींनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सोडून दिलं. त्या इतक्या मोठ्याने हुश्श करून खाली बसल्या की मला त्यांना धरावं लागलं.

"खोडा ता," त्या म्हणाल्या. "गाडी दडवन ठेवणारो घोव माका नको."

काकांनी खोडलं. वहिनी ते पान बघत राहिल्या. मग एकदम आवाज खाली आणून, जणू गंगारामला ऐकू जाऊ नये म्हणून, त्यांनी सांगितलं की त्याचं नाव तुम्ही जास्तच वेळा लिहिलंय. कापसाच्या धुळीने त्याची छाती गेली होती. जिना चढवत नव्हता. शेवटची दोनतीन वर्षं तो पुलावर गेला खरा, पण ढकलायला नव्हे.

"आंगात जोर ऱ्हवलो नव्हतो. ह्ये नुसते हात लावन चलत. तुमका खोटा लिवूक लागला ह्येंच्यापायी."

"माका म्हायत होता," काका म्हणाले. त्यांना मालवणी बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

"मगे नाव कशाक लिवलात?"

काकांनी चष्मा काढला. खिडकीतून बरंच खाली पूल दिसत होता, त्यावरून टॅक्सी आणि बसगाड्या विनासायास चढून जात होत्या. ते तिकडे बघत राहिले.

"तो हजर होतो, वहिनी," ते म्हणाले.

वहिनींनी पदराने डोळे पुसले, ते पान काकांच्या पुढे सरकवलं आणि खोडलेल्या जागेवर बोट ठेवलं. "मगे तसाच लिवा," त्या म्हणाल्या. काकांनी त्या जागी लिहिलं: हजर. वहिनींनी मला ते दोनदा वाचायला लावलं.

खाली आल्यावर काका पुलाच्या पायथ्याशी थांबले आणि पेनाचं टोपण लावायचं विसरून तसेच उभे राहिले. मग म्हणाले, बाकी घरांत आपण नुसतंच खोडून आलो. दुसऱ्या दिवशी आम्ही पहिल्या घरापासून पुन्हा सुरुवात केली.